जमीन दोन बोटं

अज्जाननं गाडी लावली, उतरला,
टायर आणि मडगार्डच्या फटीत हात घातला.
चार बोटं आडवी मावली.
"दोन," म्हणाला. "दोनच पाहिजेत."

आमच्याकडे माणूस खुशीत आला
की त्याला स्वर्ग दोन बोटं उरतो.
याला जमीन दोन बोटं उरवायची होती.

राजापूरला मी चिऱ्याच्या टेम्पोंना
पाटे वाढवून द्यायचो.
तीन पाट्यांचे पाच, पाचाचे सात,
भरली गाडी घाटात बसू नये म्हणून.
इथे वादी कबीरच्या गल्लीत
उन्हात ठेवलेला पाना उचलला तरी फोड येतो,
आणि लोक पैसे मोजतात
चांगली उभी गाडी बसवायला.

शराफत उस्ताद ग्राइंडर घेऊनच आला.
दीड वेटोळं उडव, पंधरा रियाल, काम खलास.
मी म्हटलं, नको.
कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि आखडूही,
जुना शॉक तिला आवरत नाही,
मग गाडी एका खड्ड्याला तीनदा नमस्कार करते.
घ्यायचा तर आट्यांचा अख्खा सेट घे.
वरखाली करता येतो. निदान परत येता येतं.
अज्जाननं तीन पगार मोजले.

त्याच रात्री मला आमेरातच्या घाटात नेलं.
खरं सांगतो,
इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपलो,
वळण म्हणजे काय ते तेव्हा कळलं.
गाडी कललीच नाही.
खाली मस्कतचे दिवे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेले
आणि पोटातलं पाणी हललं नाही.
तो हसला. मीही.
मग सरळ रस्ता लागला
आणि पुलाचा एकेक सांधा
माझ्या मणक्यांनी मोजला.

मी त्याला आधीच सांगितलं होतं.
स्पीडब्रेकरला तिरकी घाल, एकेक चाक, लाजत.
चेंबर जप.
चाकं आत झुकतील, टायर आतून झिजेल.
पाच महिन्यांनी काढून दाखवला:
बाहेरून कोरा, नक्षी शाबूत,
आतल्या कडेला तारा उघड्या.
सुट्टीवर गावी उतरतो तेव्हा
मी असाच दिसत असणार.

वजन कुठेतरी जातंच.
स्प्रिंगनं घेतलं नाही तर रबर घेतं,
रबरानं नाही घेतलं तर पत्रा,
पत्र्यानं नाही तर आत बसलेला.

मग एका संध्याकाळी गाडी दारात येऊन थांबली
आणि कोणी उतरेना.
पुढच्या सीटवर अज्जानचा बाप, हिलाल,
गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस,
काठी मांडीवर आडवी, शुभ्र दिशदाशा,
विहिरीच्या तळातून बघावं तसा वर बघत.
बसताना पडला होता, त्यामुळे बसला.
उठायला पडता येत नाही.
आम्ही दोघांनी काखेत हात घालून काढला.
म्हातारा घाम पुसत उर्दूत म्हणाला,
"उंटसुद्धा बसतो, पण उतरवायला.
मग उठतो.
ही बसलीच आहे."

अज्जान काही बोलला नाही.
फटीत बोटं घातली, बराच वेळ तशीच ठेवली,
मग तिसरं बोट दाखवलं.

मी जॅक लावला. बाराबारा आटे वर,
चारी कोपरे, मग अलाइनमेंट पहिल्यापासून.
हिलाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून
माझ्या पान्याकडे बघत होता,
जसं कोणी त्याच्याच गुडघ्याला लावतंय.
मजुरीचे आठ रियाल त्यानंच दिले,
मुलाला खिशाला हात लावू दिला नाही.

घाटात आता थोडी कलते, अज्जान सांगतो.
थोडीच. पण कळतं.

काल गुरुवार. दुकान बंद करत होतो,
शटर अर्ध्यावर,
तर तो खालून वाकून आत आला.
बाबा चालायला लागले, म्हणाला,
मशिदीपर्यंत, काठीशिवाय.
मग फटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"अर्धं बोट?"

मी शटर पुन्हा वर केलं.